कात्र्यांची फेरी

डोळ्यांच्या डॉक्टरांनी चंद्रकांतरावांना यापुढे गाडी चालवायची नाही असं सांगितलं, तेव्हा त्यांची गाडी खाली पार्किंग लॉटमध्ये उभी होती आणि तिच्या डिकीत पाच सलूनच्या बावीस कात्र्या होत्या. मंदाकिनीबाईंनी त्या धार लावून आदल्याच दिवशी तयार ठेवल्या होत्या. डोळे तपासून झाले की तसंच पुढे जाऊन कात्र्या वाटून टाकायच्या, असा बेत होता.

“म्हणजे पुढच्या महिन्यापासून?” चंद्रकांतरावांनी विचारलं.

“आत्तापासून, मिस्टर सबनीस,” डॉक्टर म्हणाल्या. तरुण बाई होत्या, बोलणं मऊ होतं, पण फॉर्म त्यांनी समोरच भरायला घेतला.

डोळ्याच्या पडद्याची मधोमध झीज झाली होती. कडेचं दिसत होतं, समोरचं विरत चाललं होतं. हे ऐकताना मंदाकिनीबाईंच्या मनात लख्ख उजेड पडला. गेले दोन महिने आपला नवरा शेजारची गाडी थांबली की सिग्नल लाल झाला असं ओळखतो आहे!

दोघं खाली आले. चंद्रकांतराव सवयीने ड्रायव्हरच्या दारापाशी गेले आणि हात दाराच्या मुठीवर ठेवून तसेच उभे राहिले. एडमंटनचा फेब्रुवारी, उणे बावीस. मंदाकिनीबाईंना गाडी येत नव्हती. अठ्ठेचाळीस वर्षं या देशात काढली. पहिली बत्तीस बेसमेंटमधून फारसं बाहेर पडावं लागलं नाही आणि पुढची सोळा वर्षं गाडी चालवायला चंद्रकांतराव होते.

“जयदीपला फोन करतो,” ते शेवटी म्हणाले. जयदीप हा त्यांच्या महाराष्ट्र मंडळाचा सेक्रेटरी, कुणाच्याही अडीनडीला धावणारा. “तो संध्याकाळी येऊन गाडी घरी आणेल.”

“गाडी आणू दे. कात्र्या मी इथे सोडणार नाही,” असं म्हणून बाईंनी डिकीतून पेटी काढली. मग दोघं एलआरटीने, म्हणजे शहरातल्या लोकल गाडीने, घरी आले. अख्ख्या वाटेत चंद्रकांतराव खिडकीकडे तोंड करून बसले होते. त्यांना बाहेरचं किती दिसतंय, हे विचारायचं बाईंच्या जिवावर आलं.

सबनिसांचा हा धंदा कात्र्यांनी सुरू झाला नव्हता. चंद्रकांतराव एकोणीसशे त्र्याहत्तरला आले ते हॉस्पिटलच्या लॅबमध्ये टेक्निशियन म्हणून. रोग्याच्या शरीरातून काढलेला तुकडा मेणात बसवायचा, त्याचे केसाहून पातळ काप काढायचे आणि काचपट्टीवर घेऊन डॉक्टरांना मायक्रोस्कोपखाली बघायला द्यायचे, हे त्यांचं काम. काप काढणारी सुरी वीतभर लांब, पाचरीसारखी आणि जड असायची. तिच्या धारेत सुईच्या टोकाएवढी खाच असली तरी कापावर रेघ उठायची आणि डॉक्टर वैतागायचे.

तीन वर्षांनी लग्न होऊन मंदाकिनीबाई आल्या. भाड्याचं बेसमेंट, छताजवळ एक खिडकी आणि खिडकीबाहेर नुसता बर्फाचा ढीग. त्याच हिवाळ्यात लॅबमधलं धार लावायचं मशीन बिघडलं आणि चंद्रकांतराव सुऱ्या टॉवेलात गुंडाळून घरी आणू लागले. काचेच्या जाड तावदानावर पातळ लेप पसरायचा आणि सुरी एका तालात पुढेमागे फिरवत राहायची. दोन दोन तास जायचे. चंद्रकांतरावांचा हात लवकर घाईला यायचा. मंदाकिनीबाईंच्या वडिलांचं इचलकरंजीत घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. लहानपणापासून चिमट्याने केसाएवढ्या स्प्रिंगा उचलून देण्यात बाईंचा हात बसला होता. आठवडाभर त्यांनी नुसतं पाहिलं. मग म्हणाल्या, “सरका. मला बघू दे.”

महिन्याभरात डॉक्टर मेलनिकांनी चंद्रकांतरावांना बोलावून घेतलं. “सबनीस, तुझ्या काचपट्ट्यांवर आता रेघा नसतात. काय केलंस?”

चंद्रकांतरावांनी थाप मारली, नवीन लेप वापरतोय म्हणून. चार महिने ती थाप चालवली. पुढे त्यांचं त्यांनाच राहवेना आणि एके दिवशी त्यांनी सांगून टाकलं, “सर, माझी बायको करते.” आता नोकरी जाते असं धरून ते घरी आले. नोकरी गेली नाही. शनिवारी सकाळी डॉक्टर मेलनिक स्वतः बेसमेंटच्या पायऱ्या उतरून आले. त्यांनी कोट काढला, पोहे खाल्ले आणि तासभर मंदाकिनीबाईंचे हात बघत बसले. जाताना त्यांनी एवढंच विचारलं, “आणखी हॉस्पिटलांच्या घेशील का?”

तिथून पुढे तेरा वर्षं अल्बर्टा प्रांतभरच्या लहान लहान हॉस्पिटलांतून लाकडी खोक्यांत सुऱ्या बसने यायच्या आणि बसने परत जायच्या. निहार, त्यांचा मुलगा, त्या खोक्यांच्या मधूनच रांगायला शिकला. मग एकदा वापरून फेकायची पाती निघाली आणि वर्षाच्या आत खोकी यायची थांबली. मंदाकिनीबाई दोन महिने रिकाम्या बसल्या. तिसऱ्या महिन्यात बस पकडून सत्त्याण्णव नंबरच्या स्ट्रीटवर गेल्या आणि समोर दिसेल त्या सलूनचं दार ढकललं.

ते तुयेतचं सलून होतं. तुयेत व्हिएतनामहून निर्वासित म्हणून आलेली. जिथे कधी बर्फ पडला नाही अशा गावात आईने हौसेने तिचं नाव ठेवलं होतं, त्याचा अर्थच बर्फ. “आईने नाव ठेवलं आणि देवाने मला इथे पाठवलं,” असं म्हणून ती हसायची. त्या दिवशी मात्र ती हसली नाही. तिने सगळ्यात खराब कात्री पुढे केली. मंदाकिनीबाईंनी ती घरी नेली आणि तिसऱ्या दिवशी परत आणली. तुयेतने टिश्यू पेपर पाण्यात भिजवला आणि तो लोंबता धरून कात्रीने कापला. कागद कुठेही न अडकता सरळ कापला गेला. तिने ड्रॉवर उघडला आणि उरलेल्या सगळ्या कात्र्या बाहेर काढून ठेवल्या.

सलूनवाल्यांनी सलूनवाल्यांना सांगितलं. मग शिंपी आले, कुत्र्यांचे केस कापणारे आले. उत्तर ध्रुवाकडच्या बर्फाळ मुलखातून उपचाराला आलेली एक मूळनिवासी इनुइट बाई अर्धचंद्रासारखी सुरी घेऊन आली आणि म्हणाली, “एकाच बाजूने धार लाव. दुसरी बाजू सपाटच राहू दे.” बाईंनी तिला शेजारी बसवून घेतलं आणि तिच्याकडून ते शिकून घेतलं. पुढे तिच्या गावाकडून कुणी ना कुणी येतच राहिलं.

चंद्रकांतराव दोन हजार आठला रिटायर झाले आणि दुसऱ्याच सोमवारी गाडी काढून म्हणाले, “चल, कुठे जायचंय?” सोळा वर्षं त्यांनी फेरी केली. मंडळात कुणी थट्टेने म्हटलं की चंदूभाऊ आता ड्रायव्हर झाले, तर ते म्हणायचे, “झालो की! मालकीणबाईंचा.”

गाडी चालवायची नाही हे ऐकून निहारने किचनरहून फोन केला. तो त्या दूरच्या शहरात सॉफ्टवेअर कंपनीत होता.

“आई, आता बास झालं ना? इकडे या. बेसमेंट फिनिश केलंय, सेपरेट वॉशरूम आहे. बाबांना एकट्याने सांभाळणार कशी तू?”

“बेसमेंटमधून वर यायला मला तीस वर्षं लागली रे,” बाई म्हणाल्या.

“आई, बी सिरियस.”

“विचार करते,” असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. मुलगा वावगं काहीच बोलत नव्हता, म्हणून तर त्यांना जास्त चिडचिड झाली.

दुसऱ्या दिवशी त्या चाकाची पिशवी घेऊन बसने फेरीला निघाल्या. तीन सलून करायला सकाळची संध्याकाळ झाली. दोनदा बस चुकली. एका स्टॉपवर पाय घसरला. पडल्या नाहीत, पण गुडघ्यात चमक भरली. तुयेतकडे पोचल्या तेव्हा बोटं इतकी बधिरली होती की पिशवीची चेन उघडेना. तुयेतने त्यांना केस धुवायच्या खुर्चीत बसवलं आणि दोन्ही हात कोमट पाण्यात धरले.

“या हातांचं असं करतेस?” ती तिच्या तुटक इंग्रजीत ओरडली. “तू गाडी शीक.”

“मी सत्तर वर्षांची आहे, तुयेत.”

“मी नवरा गेल्यावर शिकले. तेव्हा मला रडूही येत होतं आणि गाडीही येत नव्हती. तुझा नवरा घरी बसलाय. तू निम्मी पुढे आहेस.”

हे कसलं गणित, म्हणून मंदाकिनीबाईंना हसू आलं. पण त्या रात्रीच्या स्वयंपाकाआधी त्यांनी अल्बर्टाचं ड्रायव्हिंगचं पुस्तक जयदीपकडून मागवून घेतलं होतं.

लेखी परीक्षा एका झटक्यात झाली. तीस प्रश्नांतले अठ्ठावीस बरोबर. अक्षराने, निहारच्या मुलीने, फोनवर किंचाळून म्हटलं, “आजी, यू आर लीगल!” पण शिकाऊ लायसन्स वर्षभर वापरल्याशिवाय रस्त्यावरची परीक्षा देता येत नव्हती आणि तोवर शेजारी लायसन्सवालं कुणीतरी बसायला हवं होतं. सोमवारी तुयेतचं सलून बंद असायचं. म्हणून सोमवार तुयेतचा आणि गुरुवार ड्रायव्हिंग स्कूलच्या पंजाबी मास्तरांचा. ते हिंदीत शिकवायचे. “आंटीजी, ब्रेक से इतना प्यार मत करो,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

या सगळ्यात चंद्रकांतराव गप्प होत गेले. बाई सराव करून आल्या की ते विचारायचे नाहीत. दाढी दोन दोन दिवस तशीच. आधी बाईंना वाटलं, डोळ्यांमुळे असेल. एप्रिलमध्ये एका संध्याकाळी चहा पिताना त्यांनी कप बाजूला सरकवला.

“मला एका शब्दाने विचारलं नाहीस,” ते म्हणाले.

“काय विचारायचं होतं?”

“गाडी शिकू का म्हणून. नाही म्हटलं असतं असं नाही. पण विचारायचंस.”

चंद्रकांतराव टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिले.

“मंदा, बत्तीस वर्षं तू खाली बसून घासत होतीस आणि मी वर मंडळात लॅब सायंटिस्ट म्हणून मिरवत होतो. कुणी विचारलं तर मी काय सांगायचो माहीत आहे? मिसेसचा छोटासा छंद आहे. मग रिटायर झालो, तुझी गाडी चालवायला लागलो, तेव्हा कुठे वाटलं, आता जरा फिटतंय. ते मनातल्या मनातच. आता तेही राहिलं नाही.”

छंद म्हणतात हे मंदाकिनीबाईंना ठाऊक होतं. मंडळातल्या बायकांनीच कधीतरी सांगितलं होतं. त्यांनी तेव्हा ते मनाला लावून घेतलं होतं, चांगलं वर्षभर, आणि मग कधी सोडून दिलं ते त्यांना आठवत नव्हतं. त्याबद्दल आता काही बोलावं असं त्यांना वाटेना. त्या वेगळंच बोलल्या.

“अहो, मला रस्ते येत नाहीत.”

“म्हणजे?”

“सोळा वर्षं मी शेजारी बसून खिडकीतून बघत आले. कुणाची कात्री कुठली ते मला डोळे मिटून सांगता येईल. पण कुणाचं दुकान कुठे आहे ते मला काही सांगता येत नाही. तुयेत सत्त्याण्णव स्ट्रीटच्या पलीकडे कधी गेली नाही आणि मास्तर मला त्यांच्या स्कूलच्या भोवतीच फिरवतात. शिकून मी जाणार कुठे?”

चंद्रकांतरावांनी त्यांच्याकडे पाहिलं, म्हणजे जरा बाजूला पाहिलं. हल्ली त्यांना माणूस दिसायचं तर असंच पाहावं लागे.

“फोनवर मॅप असतो,” ते म्हणाले.

“ती बाई मला आवडत नाही. सारखी रीकॅल्क्युलेटिंग म्हणते.”

पुढच्या सोमवारी ते दाढी करून तयार होते. तुयेत पुढे बसली, ते मागे. आणि मग मंदाकिनीबाईंना कळलं की आपण काय ओढवून घेतलंय. तुयेत म्हणायची हळू, चंद्रकांतराव म्हणायचे चल, आणि दोघंही एकदमच म्हणायची. “त्या चर्चनंतर उजवीकडे. चर्च आलं का? हिरवा घुमट आहे बघ.” चर्च तिथेच असायचं. उजवं वळणही असायचं. त्यांना रस्त्यांचे नंबर पाठ होते, कुठल्या कोपऱ्यावर बर्फ उशिरा वितळतो तेही पाठ होतं. कधी कधी मात्र ते सांगत ते दुकान पाडून तिथे फ्लॅटांचा कॉन्डो झालेला असायचा, मग ते रागवायचे, जणू बाईंनीच ते पाडलं. एकदा बाईंनी रस्त्याच्या कडेला गाडी उभी केली आणि म्हटलं, “आता दोघंही पाच मिनिटं बोलायचं नाही.”

वर्ष असं गेलं. काही गिऱ्हाइकं स्वतः कात्र्या घेऊन घरी आली, काही तुटली. हिवाळ्यात निहारने न सांगता एका गॅरेजला फोन करून गाडीला नवे विंटर टायर्स बसवून घेतले. त्याने किचनरचा विषय पुन्हा काढला नाही; बाईंनीही त्याला डिवचलं नाही.

मार्चमधल्या रस्त्यावरच्या परीक्षेत त्या नापास झाल्या. एडमंटनला जागोजागी ते गोल चौक आहेत, दोन दोन लेनचे, आत शिरायचं तर आतल्या गाडीला जाऊ द्यावं लागतं. मंदाकिनीबाईंनी एका गाडीला जाऊ दिलं, दुसरीला दिलं, सातवीला दिलं. मागून हॉर्न वाजू लागले. परीक्षक शांतपणे म्हणाला, “मॅम, कधीतरी आपल्यालाही जावं लागेल.” त्यांनी गाडी पुढे घातली ती बाहेरच्या लेनमधून थेट आतल्या लेनमध्ये.

घरी येऊन त्यांनी कोटही न काढता सांगितलं, “नापास.” चंद्रकांतरावांनी कागदावर बोटाने गोल काढला. मग उठून त्यांनी स्टीलचं ताट आणलं, ताटाभोवती चार वाट्या मांडल्या आणि लसणाच्या पाकळ्यांच्या गाड्या केल्या. जवळून, डोळे तिरके करून, ते पाकळ्या सरकवत होते. “ही आतली. हिला जाऊ द्यायचं. हिच्या मागे एवढी फट आहे, बघ. ही तुझी फट. ही सोडलीस तर पुढची येईल, पण ती याच्यापेक्षा मोठी नसणार.” तीन आठवडे रोज जेवणाआधी ताट आणि लसूण. एप्रिलच्या शेवटी मंदाकिनीबाई पास झाल्या. तुयेतने सलूनच्या आरशावर त्यांच्या लायसन्सचा फोटो चिकटवून ठेवला.

मेमधल्या एका मंगळवारी दोघं पहिल्यांदाच एकटे फेरीला निघाले. चंद्रकांतराव पुढे, शेजारी. चार सलूनं नीट झाली. पाचवं शहराच्या पश्चिम टोकाला होतं.

“स्टोनी प्लेन रोड लागला की सरळ,” ते म्हणाले.

पण तिथे एलआरटीचं काम चाललं होतं. रस्ता खणलेला, नारिंगी पाट्या, एकीकडून दुसरीकडे वळवलेलं ट्रॅफिक. बाईंना ‘स्टोनी प्लेन’ अशी पाटी दिसली आणि त्या तिच्या मागे गेल्या. पुढे आणखी एक तशीच पाटी दिसली. बऱ्याच वेळाने चंद्रकांतराव म्हणाले, “मंदा, बिल्डिंगा का दिसत नाहीयेत?”

“शेतं आहेत.”

“शेतं?”

पाट्या रस्त्याच्या नव्हत्या, स्टोनी प्लेन नावाच्या गावाच्या होत्या. त्या हायवेवर होत्या, ताशी शंभरने, आणि परत कसं फिरायचं हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांना वाटलं होतं असं झालं तर आपण घाबरून गाडी कडेला उभी करू. त्यांनी गाडी तशीच पुढे चालवली. रस्ता सरळ होता, आभाळ मोठं होतं, उजवीकडे नांगरलेली काळी जमीन लांबवर गेली होती.

“मला वॉशरूमला जायचंय,” चंद्रकांतराव म्हणाले.

गावात शिरल्यावर पहिलं उघडं दुकान सॉसेजचं होतं. बाईंनी गाडी लावली आणि त्यांना हाताला धरून आत नेलं. घरात अंडंसुद्धा न शिजवणाऱ्या मंदाकिनीबाई धुरकट मांसाच्या वासात काउंटरशी उभ्या राहिल्या. काउंटरमागे साठीचा, जाड हातांचा माणूस खांद्याच्या मांसाचा मोठा तुकडा कापत होता. बाईंचं लक्ष मांसाकडे नव्हतं. तो सुरीवर नको तेवढा जोर देत होता आणि सुरी कापायच्या ऐवजी फाडत होती.

“धार कोण लावतं तुमच्या सुऱ्यांना?” त्यांनी विचारलं.

माणसाने मान वर केली. “पूर्वी शहरातून एकजण यायचा. दोन वर्षं झाली, येत नाही. आता हेच,” असं म्हणून त्याने ड्रॉवरमधलं प्लास्टिकचं धार लावायचं खेळणं दाखवलं.

“बघू?”

त्याने जरा संशयानेच सुरी मुठीकडून पुढे केली. बाईंनी अंगठा धारेवर आडवा फिरवला. मग त्या गाडीपर्यंत जाऊन धार लावायचा दगडी निसणा आणि चामड्याचा पट्टा घेऊन आल्या. काउंटरच्या टोकाला ओल्या फडक्यावर निसणा ठेवला आणि कामाला लागल्या. चंद्रकांतराव वॉशरूममधून आले आणि आवाजाच्या रोखाने येऊन शेजारी उभे राहिले.

“जर्मन स्टील आहे का गं?” आवाज ऐकून ते म्हणाले.

“असेल. मऊ आहे.”

वीस मिनिटांनी माणसाने सुरी घेऊन तो तुकडा पुन्हा कापायला घेतला. एकदा कापला, मग दुसऱ्यांदा, उगीचच आणखी पातळ. मग तो मागे गेला आणि भिंतीवरची लोखंडी पट्टी रिकामी करून अकरा सुऱ्या फडक्यात गुंडाळून घेऊन आला.

“गुरुवारी आणून देते,” बाई म्हणाल्या.

तो म्हणाला, “थांबा,” आणि घरच्या शेपूच्या पाल्यात मुरवलेल्या काकड्यांची बरणी त्यांच्या हातात दिली. “हे तरी खाल ना?” त्यांच्या चेहऱ्यावरून त्याला बरंच कळलं असावं. चंद्रकांतरावांनी मात्र सॉसेजचा एक तुकडा मागून घेतला आणि तो संपेपर्यंत पार्किंगमध्येच उभे राहिले.

“गुरुवारी? एवढ्या लांब परत?” गाडीत बसल्यावर त्यांनी विचारलं.

“तुम्हाला गुरुवारी काही काम आहे का?”

त्यांनी थोडा विचार केला. “नाही.”

“मग सीटचा पट्टा लावा. आणि पाचव्या सलूनला फोन करून सांगा, उशीर होतोय म्हणून. कारण विचारलं तर खरं सांगा.”

“काय, बायको रस्ता चुकली म्हणून?”

“तुम्ही चुकवलात म्हणून.”

ते हसत फोनचा नंबर आठवून आठवून दाबू लागले. मंदाकिनीबाईंनी सिग्नल दिला, धान्याचा एक लांबलचक ट्रक पुढे जाऊ दिला आणि त्याच्या मागे फट दिसताच गाडी हायवेवर घातली.